ख्रिस्ती परंपरेतली मौन प्रार्थना : वीस मिनिटं नुसतं बसायचं, म्हणजे नक्की करायचं काय?

सायंतारा :

मूक प्रार्थनेबद्दल इथे अधूनमधून कोणीतरी दोन ओळी टाकतं आणि मग विषय विपश्यना, योगा, माइंडफुलनेस असा भरकटत जातो, म्हणून म्हटलं स्वतंत्र धागाच काढावा. मी वसईची, कॅथलिक. रोजरी (जपमाळ), नोवेना (नऊ दिवसांची प्रार्थना), मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) यातच वाढले आणि ते सगळं आजही करते, काहीही सोडलेलं नाही. पण त्याबरोबर रोज पहाटे वीस मिनिटं आणि जमलं तर संध्याकाळी वीस मिनिटं मी शब्दांशिवाय देवासमोर बसते, आमच्या चर्चच्या हॉलमध्ये शनिवारी छोटा ग्रुपही जमतो. आणि सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "गाणं नाही, माळ नाही, प्रवचन नाही, मग तुम्ही तिथे करता काय?"

आधी हे सांगते की हे आजकालचं फॅड नाही. तिसऱ्या-चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात संत अंतोनी आणि त्यांच्यासारखे शेकडो स्त्री-पुरुष एकांतात राहायला गेले, तिथून हा धागा सुरू होतो. अब्बा मोझेस नावाच्या साधूकडे एक जण उपदेश मागायला आला तर ते म्हणाले, जा, आपल्या खोलीत बस, खोलीच तुला सगळं शिकवेल. बाराव्या शतकात गीगो दुसरा या कार्थुसियन (एकांतात राहणाऱ्या संघातल्या) मठवाशाने बायबल वाचनाच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या : वाचन, मनन, प्रार्थना आणि शेवटी नुसतं देवासमोर असणं. चौदाव्या शतकात इंग्लंडमध्ये कोणा अनामिकाने 'द क्लाउड ऑफ अननोइंग' लिहिलं, त्याचं म्हणणं थोडक्यात असं की देव बुद्धीच्या चिमटीत सापडत नाही, प्रेमाने मात्र त्याला धरता येतं, म्हणून एक छोटासा शब्द घे, 'देव' किंवा 'प्रेम' असा, आणि तेवढ्यावर राहा. सोळाव्या शतकात स्पेनमध्ये आविलाची संत तेरेजा आणि संत जॉन ऑफ द क्रॉस, दोघंही कार्मेल नावाच्या संघातले, यांनी यावरच लिहिलं. म्हणजे परंपरा भरपूर होती, पण पुढे ती मठांच्या भिंतीआड गेली आणि तुमच्या-आमच्यासारख्या संसारी माणसांना सांगितलं गेलं की तुम्ही आपल्या पाठ प्रार्थना म्हणा, हे उंचावरचं काम तुमचं नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं. आमच्या आज्या-पणज्या शेतावरून येऊन गुडघे टेकून बसायच्या, त्यांना हे कोणी शिकवलं असतं तर त्या आपल्या सगळ्यांच्या पुढे गेल्या असत्या.

परत सामान्य माणसाच्या हातात हे आलं ते १९७० च्या दशकात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या स्पेन्सर गावी ट्रॅपिस्ट या मौन पाळणाऱ्या कॅथलिक संघाचा मठ आहे, सेंट जोसेफ्स ॲबी. जवळच्या बौद्ध ध्यानकेंद्राचा पत्ता विचारायला तरुण मुलं मठाच्या दारात यायची, त्यातली बरीचशी जन्माने ख्रिस्ती, आणि मठाधिपती फादर थॉमस कीटिंग यांना प्रश्न पडला की आपल्या घरात हे असताना मुलांना ते बाहेर का शोधावं लागतं? १९७४ मध्ये तिथल्याच फादर विल्यम मेनिंगर यांना मठाच्या लायब्ररीत 'क्लाउड'ची प्रत हाती लागली आणि त्यावरून त्यांनी रिट्रीटला, म्हणजे एकांतातल्या प्रार्थना-शिबिराला, येणाऱ्या धर्मगुरूंना शिकवायला सुरुवात केली. कीटिंग, मेनिंगर आणि फादर बेसिल पेनिंग्टन या तिघांनी मिळून जी साधी पद्धत बसवली तिला सेंटरिंग प्रेअर म्हणतात.

पद्धत अशी. एक शब्द निवडायचा. येशू, आबा (म्हणजे पिता), शांती, प्रेम, जो आपला वाटेल तो, आणि तो दर पाच मिनिटांनी बदलायचा नाही. पाठ ताठ पण सैल, खुर्चीवर बसलात तरी चालतं. डोळे मिटून तो शब्द मनात हळूच आणायचा, म्हणजे देवाला सांगायचं की मी इथे आहे, तू इथे आहेस, तुला जे करायचंय ते कर. विचार येतील. आपण विचारात गेलोय हे लक्षात आलं की शब्दाकडे परतायचं, अगदी हळुवार. वीस मिनिटं. संपल्यावर एकदम उठायचं नाही, दोन मिनिटं डोळे मिटूनच थांबायचं, मी त्या वेळी प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिकवलेली "हे आमच्या स्वर्गातील पित्या", सावकाश म्हणते.

खरं काय होतं तेही सांगते. मी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसते कारण तिथेच सगळ्यात कमी लोकांचं येणं-जाणं असतं. मोबाइलचा टायमर लावून तो पोळ्यांच्या डब्याखाली ठेवते, नाहीतर हात जातो. पहिली चार-पाच मिनिटं बरी जातात, मग खालच्या मजल्यावर पाण्याची मोटर सुरू होते, मग मिक्सरचं भांडं दुरुस्तीला टाकायचंय ते आठवतं, मग दुरुस्तीवाल्याशी मी मनातल्या मनात भांडते, मग शब्द आठवतो, परत येते. परत मोटर. परत शब्द. बहुतेक दिवशी हे एवढंच असतं, प्रकाश नाही, आवाज नाही, अंगावर काटा नाही, आणि मला पक्कं वाटतं की हेच खरं काम आहे : परत येणं. विचारा काय विचारायचं ते.

नगरी_माणूस :

ताई, तुम्ही मनापासून लिहिलंय म्हणून मीही मनापासून लिहितो, राग मानू नका. आम्ही नगरकडचे, तीन पिढ्या प्रॉटेस्टंट मंडळीत (चर्चमध्ये) आहोत, वडील पाळक (धर्मगुरू) होते. आम्हाला शिकवलंय की प्रार्थना म्हणजे पित्याशी बोलणं, मागणं मागणं, उपकारस्तुती करणं. प्रभूने मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात स्पष्ट सांगितलंय की व्यर्थ बडबड करू नका. एकच शब्द परत परत म्हणायचा हे त्यातच बसत नाही का? आणि मन रिकामं केलं की त्यात काय शिरेल याची खात्री कोण देणार? शिवाय हे सगळं पूर्वेकडच्या ध्यानातून उचललंय असंही वाचलंय. पवित्र शास्त्रात आधार दाखवा, मी ऐकायला तयार आहे.

सायंतारा :

राग कसला दादा, प्रश्न रास्तच आहे. तुम्ही म्हणता त्याच मत्तय ६ मध्ये एक वचन आधी प्रभू काय म्हणतो ते बघा : खोलीत जा, दार लाव आणि गुप्तवासी पित्याची प्रार्थना कर. बडबडीबद्दलचं वचन अशा लोकांसाठी आहे ज्यांना वाटतं की खूप बोललं की देव ऐकतो. आम्ही तर शब्द कमीच करतोय. आणि रोमकरांस पत्रात आठव्या अध्यायात पौल म्हणतो की प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः आपल्यासाठी विनंती करतो, शब्दांत न येणाऱ्या कण्हण्याने. मला याहून मोठा आधार लागत नाही. एलीया संदेष्ट्याचं होरेब डोंगरावरचं प्रकरण तर तुम्हाला पाठ असेल, वारा झाला, भूकंप झाला, अग्नी झाला, त्यात परमेश्वर नव्हता, मग मंद वाणी.

मन रिकामं करणं हे मात्र मी कुठेही म्हटलेलं नाही. रिकामं होतच नाही हो ते! मन तिथेच असतं, सगळा बाजार घेऊन, आपण फक्त त्या बाजाराकडे पाठ करून एकाकडे तोंड करतो.

जुनी_पोथी :

नगरी_माणूस, एकच गोष्ट पुन्हा म्हणण्याबद्दल थोडी भर घालतो. गेथशेमाने बागेत, पकडले जाण्याआधी, प्रभूने तिसऱ्यांदा जाऊन तेच शब्द बोलून प्रार्थना केली असं मत्तय २६ मध्ये आहे. आंधळा बार्तीमय, लोक गप्प बस म्हणत असताना अधिकच ओरडत राहिला, "दावीदपुत्रा, माझ्यावर दया कर." लूक १८ मधल्या जकातदाराचंही एकच वाक्य. याच ओळींतून पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळींची येशूची प्रार्थना तयार झाली : प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर. श्वासाबरोबर, गाठी मारलेल्या दोरीवर मोजत, शतकानुशतकं ती चालू आहे.

आणि तुमचा आक्षेप नवीन नाही, चौदाव्या शतकात हाच वाद पेटला होता. ग्रीसमधल्या आथोस पर्वतावरचे साधू मान खाली घालून, श्वास संथ करून ही प्रार्थना करायचे तर बार्लाम नावाच्या विद्वानाने त्यांची "बेंबीत आत्मा शोधणारे" अशी टर उडवली. त्यांच्या बाजूने उभे राहिले ग्रेगरी पालामास. त्यांचं म्हणणं, शरीरही देवानेच केलंय, शब्द देहधारी झाला, मग प्रार्थनेतून शरीराला बाहेर का काढायचं? १३४१ पासून १३५१ पर्यंत कॉन्स्टँटिनोपलला यावर धर्मसभा भरल्या आणि पालामास यांची शिकवण मान्य झाली. म्हणजे विषय नीट घुसळून झालेला आहे.

पूर्वेकडून उचलल्याचं म्हणाल तर त्यात अर्धं सत्य आहे आणि ते लपवायचं कारण नाही. जॉन मेन नावाचे आयरिश वंशाचे बेनेडिक्टाइन संघाचे मठवासी होते, १९२६ ते १९८२. मठात जाण्याआधी ते मलायात (आताच्या मलेशियात) सरकारी नोकरीत होते, तिथे क्वालालंपूरला स्वामी सत्यानंद यांच्याकडे मंत्र घेऊन बसायला शिकले, स्वामींनी त्यांना ख्रिस्ती मंत्रच घ्यायला सांगितलं. पुढे मठात गेल्यावर गुरूने ते बंद करायला लावलं, त्यांनी आज्ञा पाळली, आणि मग वर्षांनंतर पाचव्या शतकातल्या जॉन कॅशियनचं लिखाण वाचताना त्यांना सापडलं की वाळवंटातले साधू नेमकं हेच करत होते. घरी होतं ते शेजाऱ्याने दाखवलं. त्यांचा शब्द 'मारानाथा', म्हणजे 'हे प्रभू, ये', करिंथकरांस पहिल्या पत्राच्या शेवटी आहे, चार सारख्या मात्रांत, मा-रा-ना-था. फरक असा की जॉन मेन यांच्या पद्धतीत शब्द सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हणायचा असतो आणि सेंटरिंग प्रेअरमध्ये भरकटल्यावरच त्याच्याकडे यायचं. लोक या दोन्हींची खिचडी करतात आणि मग जमत नाही म्हणतात. एक धरावी.

कॅथलिक चर्चचंही यावर म्हणणं आहे. १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये रोमहून ख्रिस्ती ध्यानाबद्दल पत्र निघालं, सही कार्डिनल रात्सिंगर यांची, जे पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे झाले. झेन, योग, टीएम (ट्रान्सेन्डेन्टल मेडिटेशन) यांची नावं घेऊन त्यात सावध केलंय की शरीराला वाटणारी शांतता म्हणजे पवित्र आत्मा असं समजू नका. पण बंदी नाही, इतरांकडचं उपयोगी ते घ्यावं, ख्रिस्ती प्रार्थनेचा गाभा झाकोळू नये, असा सूर आहे. मला ते पत्र योग्य वाटतं. आपल्याकडचं उदाहरण घ्या, मुंबईत जन्मलेले येशूसंघीय (जेझुइट) फादर अँथनी डिमेलो. आधी पुण्यात, मग लोणावळ्यात त्यांची साधना संस्था, १९७८ चं 'साधना' हे पुस्तक, त्यातला पहिलाच पाठ दहा मिनिटं गप्प बसण्याचा. हजारो धर्मगुरू आणि सिस्टर्स त्यातून प्रार्थनेला बसायला शिकले. १९८७ मध्ये ते गेले आणि १९९८ मध्ये रोमने त्यांच्या काही मतांबद्दल, विशेषतः नंतरच्या लिखाणाबद्दल, इशारा दिला. मी दोन्ही मान्य करतो. 'साधना' आजही हाताशी ठेवतो आणि ख्रिस्ताला बाजूला सारणारं काही दिसलं की तिथे थांबतो.

माळकरी :

मी ख्रिस्ती नाही, पंढरीची माळ आहे गळ्यात, धागा आवडला म्हणून विचारतोय. आमच्याकडे नामस्मरण आहे, आजोबा नांगर धरता धरता नाम घ्यायचे. तुमच्यात आणि त्यात फरक काय? मुद्दाम फरक विचारतोय, कारण सगळं एकच म्हणून टाकलं की बोलायला काही उरत नाही.

सायंतारा :

माऊली, प्रश्न फार आवडला. जवळीक तर आहेच. रेव्हरंड नारायण वामन टिळक स्वतः म्हणायचे की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, आणि बाप्तिस्म्यानंतरही त्यांनी अभंग सोडले नाहीत, ख्रिस्ताचे अभंग लिहिले. येशूची प्रार्थना तर नामस्मरणाच्या फारच जवळ, कामात, चालताना, कुठेही करता येणारी.

मी करते त्यात शब्द कमी कमी होत जातो. कधी कधी शब्दही गळतो आणि नुसतं असणं राहतं, तेव्हा तो ओढून आणायचा नाही. आणि मला जो फरक महत्त्वाचा वाटतो तो हा की इथे मी काही मिळवायला बसत नाही, पोचायलाही बसत नाही. आमची श्रद्धा अशी की देव आधीच आलाय, ख्रिस्तात आलाय, आत्मा आत प्रार्थना करतोच आहे, मी फक्त त्याला हो म्हणते. तुमच्याकडेही कृपेचा विचार आहे हे मला माहितीये, त्यामुळे तुमच्यात हे नाही असं म्हणणार नाही, ते तुम्हीच सांगा.

माळकरी :

आहे ना, नाम घ्यायची बुद्धीसुद्धा त्यानेच दिली असं आम्ही मानतो. पण आमचं नाम मोठ्याने आणि दहाजणांत जास्त खुलतं, टाळ-मृदंगाशिवाय मला तरी करमत नाही. तुमचं गप्प बसणं मला अवघड वाटतंय, खरं सांगतो.

कोथरूडची_मुलगी :

मी आयटीत आहे, कॅथलिक, रविवारी चर्चला जाते एवढंच. धागा वाचून चार दिवस बसले. दोन दिवस झोपले चक्क, मान खाली पडून जाग आली. बाकी दोन दिवस डोक्यात इतका ट्रॅफिक की उठल्यावर आधीपेक्षा जास्त दमल्यासारखं वाटलं. माझ्यात काही कमी आहे का? सकाळी स्टँडअप (टीमची रोजची छोटी मीटिंग) असतो त्यामुळे रात्रीच जमतं. आणि एकदा तर डोळे किलकिले करून टायमर बघितला, सात मिनिटंच झाली होती.

सायंतारा :

काही कमी नाही गं. संत तेरेजा लिहिते की कित्येक वर्षं तिचं लक्ष प्रार्थनेपेक्षा तास कधी संपतो याकडे असायचं, घड्याळाचा ठोका कधी पडतो याची वाट बघायची. आणि जवळजवळ अठरा वर्षं ती हातात पुस्तक असल्याशिवाय प्रार्थनेला बसायचं धाडसच करत नसे. ही बाई पुढे चर्चची आचार्या (डॉक्टर ऑफ द चर्च, म्हणजे मान्यताप्राप्त गुरू) झाली, १९७० मध्ये पोपनी तसा मान दिला, स्त्रियांमध्ये तो मिळालेली ती पहिली. तू चार दिवसांत घाबरू नकोस.

विचारांबद्दल कीटिंग यांचं सूत्र सोपं आहे, विचाराला विरोध करू नको, धरून ठेवू नको, त्याच्यावर चिडू-हरखू नको, शब्दाकडे हळूच परत ये. त्यांच्याबद्दल एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. एक सिस्टर पहिल्यांदाच बसल्या आणि उठून म्हणाल्या, फादर, मी अगदी नापास झाले, वीस मिनिटांत दहा हजार विचार आले. ते म्हणाले, वा, देवाकडे परत यायच्या दहा हजार संधी! मला हे उत्तर फार खरं वाटतं. विचार आलाच नाही तर परत येणार कुठून?

झोपेचं म्हणशील तर लिझ्यूची संत तेरेझासुद्धा प्रार्थनेत झोपायची आणि त्याचा तिने बाऊ केला नाही. पण रात्री अकराला लॅपटॉप मिटून बसलीस तर झोप येणारच, शरीर दमलेलं असतं. स्टँडअपच्या आधी दहा मिनिटं काढ. जेवणानंतर लगेच नको. अंथरुणावर नको. आणि उठल्यावर "आज कशी झाली" असं मार्क द्यायचं नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. वीस मिनिटांत काय वाटलं त्यावरून काही कळत नाही, काही कळलंच तर दिवसभरात कळतं, सासूबाईंशी बोलताना, बँकेच्या रांगेत.

दूरदेशी :

मी इंग्लंडमध्ये असतो, मूळचा मिरजेचा. इथे क्वेकर लोकांच्या मीटिंगला जायला लागलोय, त्याबद्दल सांगावंसं वाटलं. सतराव्या शतकात जॉर्ज फॉक्सपासून सुरू झालेला हा पंथ, त्यांच्या उपासनेत पाळक नाही, वेदी नाही, ठरलेली प्रार्थना नाही. साधी खोली, खुर्च्या गोलात किंवा चौकोनात, मधे टेबल, टेबलावर बायबल आणि थोडी फुलं. तासभर सगळे गप्प. कोणाला आतून अगदी राहवलं नाही तर तो उठतो, दोन-चार वाक्यं बोलतो, बसतो, आणि त्यावर कोणी उत्तर देत नाही, परत शांतता. कधी कधी अख्खा तास कोणीच बोलत नाही. संपलं की शेजारच्याशी हस्तांदोलन करायचं आणि मग चहा.

सायंतारा यांचं मौन एकेकट्याचं आहे, हे सगळ्यांनी मिळून केलेलं. मला दुसरं सोपं जातं. घरी एकटा बसलो की पाच मिनिटांत उठतो, इथे समोर ऐंशीच्या आजीबाई न हलता बसलेल्या असतात, त्यांच्या आधाराने मीही बसतो. खोकला येतो, खुर्ची करकरते, बाहेर बस थांबते, तेही त्यातच येतं.

मृदगंध :

मी एरवी फक्त वाचते. मागच्या वर्षी मिस्टर गेले. आमच्या सिस्टरनी सुचवलं म्हणून असं बसायला लागले आणि पहिल्या आठवड्यात चांगलं वाटलं, मग एक दिवस जे रडू फुटलं ते थांबेना, हॉस्पिटलमधलं सगळं डोळ्यांसमोर यायला लागलं, आता बसायचीच भीती वाटते. बोलून प्रार्थना करते तेव्हा असं होत नाही. मी हे चालू ठेवू की नको?

नर्सताई_नाशिक :

मृदगंध ताई, मी मानसिक आजारांच्या वॉर्डात बरीच वर्षं काम केलंय आणि स्वतःही मौनाला बसते, म्हणून लिहिते. गप्प बसलं की दडपलेलं वर येतं, हे होतं. फादर कीटिंगही त्याबद्दल लिहितात, रडू येणं हे त्या वाटेवरचंच आहे असं ते मानतात. पण एकटीने घरात ते सोसायचं असं कुठेही लिहिलेलं नाही. सध्या वीस मिनिटं अजिबात नको. डोळे उघडे ठेवा, समोर क्रूस किंवा मेणबत्ती, तीन-चार मिनिटं, हातात माळ धरून. सिस्टरना नाहीतर एखाद्या जवळच्या बाईला शेजारी बसवा. हॉस्पिटलमधलं दिसायला लागलं तर थांबा, उठा, पाणी प्या, बाहेर या, त्यात देवाचा अपमान काही नाही. झोप उडाली असेल, तेच दृश्य दिवसाही येत असेल, जेवण जात नसेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, प्रार्थना आणि औषध दोन्ही एका वेळी चालतं. बोलून प्रार्थना होतेय ना, मग ती करा, ती कमी दर्जाची नाही.

सायंतारा :

नर्सताईंच्या प्रत्येक शब्दाला माझा होकार. मृदगंध ताई, शोकाच्या काळात नुसती "नमो मरिया" म्हणत बसणं हीसुद्धा पूर्ण प्रार्थना आहे. घाई काही नाही.

कार्मेलची_वाट :

मी संसारी माणूस, पण कार्मेल परंपरेतलं वाचन आणि प्रार्थना जन्मभर केलीय, म्हणून रखरखीतपणाबद्दल लिहितो, कारण लोक सोडतात ते तिथे. सुरुवातीला गोड वाटतं, डोळे भरतात, बायबलची ओळ वाचली की आत काहीतरी हलतं. मग कधीतरी ते सगळं बंद होतं. संत जॉन ऑफ द क्रॉस यांनी तीन खुणा दिल्यात आणि तिन्ही एकत्र हव्यात. देवाच्या गोष्टींत गोडी नाही, पण इतर कशातही नाही. आपण देवापासून मागे तर पडत नाही ना, अशी टोचणी सतत. आणि पूर्वीसारखं कल्पनेने, विचाराने मनन करायला गेलं तर जमतच नाही. फक्त पहिलीतला अर्धा भाग असेल, म्हणजे देवात गोडी नाही पण मालिकेत आहे, तर तो आळस समजावा. तिन्ही असतील तर घाबरू नये, देव आता वेगळ्या तऱ्हेने देतोय, तेव्हा गप्प राहून प्रेमाने लक्ष ठेवायचं एवढंच काम. हे त्यांनी आरामात बसून लिहिलेलं नाही, १५७७ च्या डिसेंबरात त्यांच्याच संघातल्या लोकांनी त्यांना पकडून टोलेडोला कोंडलं, जवळजवळ नऊ महिने, आणि त्या कोठडीत त्यांनी कविता रचल्या.

तेरेजाचा दाखला आपल्या शेतकरी माणसांना लगेच समजेल. बागेला पाणी चार प्रकारे देता येतं, असं ती म्हणते. विहिरीतून बादलीने शेंदून, रहाटाने, ओढ्याचं पाणी आत सोडून, आणि पावसाने. शेंदण्यात कष्ट सगळ्यात जास्त आणि पाणी सगळ्यात कमी, पावसात माळ्याचं काम जवळपास शून्य. पण पाऊस बोलावता येत नाही, आणि विहीर कोरडी पडली तरी ती म्हणते माळ्याने बागेतच थांबावं. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये छापून आली तेव्हा जगाला कळलं की कित्येक वर्षं त्यांना आत काहीच जाणवत नव्हतं, आणि तरी त्या रोज पहाटे चॅपेलमध्ये जाऊन बसत होत्या. बरेच लोक त्या वेळी म्हणाले की याचा अर्थ त्यांची श्रद्धा गेली होती. मला ते मुळीच पटत नाही. श्रद्धा गेलेलं माणूस पहाटे उठत नाही.

कोथरूडची_मुलगी :

काका, हे वाचून मालिकेचं ते अर्धं वाक्य मला लागू पडतंय असं वाटलं. बघते. आज सकाळी दहा मिनिटं बसले, झोपले नाही.

नगरी_माणूस :

बरेच दिवस वाचून विचार करत होतो. सगळं पटलंय असं नाही म्हणणार. एखादा शब्द निवडून बसणं मला अजून परकंच वाटतं. पण वडील पहाटे स्तोत्र वाचून झाल्यावर पवित्र शास्त्र मांडीवर मिटून बराच वेळ काही न बोलता बसायचे, आम्ही पोरं म्हणायचो बाबा झोपले. आता वाटतं ते हेच करत असतील, त्याला त्यांनी नाव दिलं नव्हतं. मी शब्दाऐवजी वचन घेतलं तर चालेल का? आणि आमच्या मंडळीत तरुण संघाच्या सभेनंतर थोडा वेळ ठेवायचा तर पाळकसाहेबांना काय सांगू, त्यांना हे कॅथलिक लोकांचं वाटेल.

सायंतारा :

दादा, वचन नुसतं चालेल असं नाही, तीच सगळ्यात जुनी पद्धत आहे. वर ज्या कॅशियनचा उल्लेख आला त्याच्या 'संवाद' या ग्रंथातल्या दहाव्या संवादात इजिप्तचे अब्बा आयझॅक एकच ओळ देतात, सत्तराव्या स्तोत्राची पहिली : हे देवा, माझ्या साहाय्यास ये, हे परमेश्वरा, मला मदत करायला त्वरा कर. भूक लागली, राग आला, झोप येत नाही, मन सैरभैर झालं, प्रत्येक वेळी हीच ओळ, असं ते सांगतात. पाळकसाहेबांना हेच दाखवा, स्तोत्रसंहितेतलं आहे, कोणा एका पंथाचं नाही. तुमच्या वडिलांचंही सांगा.

ग्रुपसाठी आमचा अनुभव सांगते. सुरुवातीला एकाने तेच वचन तीनदा सावकाश वाचायचं, वाचनांमध्ये अर्धा मिनिट थांबून. मग दहाच मिनिटं ठेवा, वीस नको, तरुण मुलं आहेत. शेवटी प्रभूची प्रार्थना सगळ्यांनी मिळून. त्यानंतर "तुला काय वाटलं" अशी फेरी घेऊ नका, मुलं मग पुढच्या वेळी सांगण्यासारखं काहीतरी वाटावं म्हणून बसतात. मोबाइल बाहेर टोपलीत. कोणाला मधेच उठून जावंसं वाटलं तर जाऊ द्या, दाराजवळ एक मोठं माणूस बसवा म्हणजे बाहेर गेलेल्याची चौकशी होईल. पंखा आवाज करत असला तरी बंद करू नका, नगरच्या उन्हाळ्यात मुलं घामाने हैराण होतील. आवाज चालतो.